लाल मातीखालचा गोवा : सत्तरी-सांग्यात दगड बघत फिरताना

व्हाळकाठ

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरांवरच्या धाग्यात एका ताईंनी सहज विचारलं होतं, "गोव्यात चिरा सोडून दुसरा दगड असतो तरी का?" उत्तर द्यायला बसलो आणि चार ओळींवर थांबवेना, म्हणून वेगळा धागा काढतो आहे. सत्तरी, डिचोली, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत मी सव्वीस वर्षं भूवैज्ञानिक म्हणून पायी फिरलो. आता निवृत्त आहे. फिल्डच्या वह्या सगळ्या जपून ठेवल्यात, त्या समोर घेऊनच लिहितो.

ताईंचा प्रश्न चुकीचा नाही. गोव्यात मूळचा खडक सहजी नजरेला पडतच नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्या पावसानं लाखो वर्षं कुजवलेला खडक, त्यावर चिऱ्याचं कवच, कवचावर माती आणि मातीवर रान. राजस्थानात काम करणारे माझे वर्गमित्र सांगायचे की जीपमधून उतरलं की समोरच्या उघड्या डोंगरात थर मोजता येतात. इथे दिवसभर चाललं तरी पायाखाली तांबडी मातीच. म्हणून गोव्यात खडक बघायचा तर व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरायचं. पाणी वरचा कुजका थर धुऊन नेतं आणि तळाशी खरा खडक उघडा पडतो. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि मेमध्ये वळीव पडेपर्यंत चालायचा. त्यातले फेब्रुवारी-मार्च सगळ्यांत मोलाचे. व्हाळ आटलेले असतात, शेवाळ वाळलेलं असतं आणि ऊनही अजून सोसण्यासारखं असतं.

पद्धत अशी. १:५०,००० चं टोपोशीट, म्हणजे डोंगर-व्हाळ दाखवणारा सरकारी नकाशा, घ्यायचं, एक व्हाळ निवडायचा आणि जिथे तो नदीला मिळतो तिथून उलटं वर चढत जायचं. वाटेत दिसेल त्या प्रत्येक खडकाला पहिला प्रश्न एकच: तू इथलाच, की वरून वाहून आलास? नवशिका इथेच फसतो. घरंगळत आलेला भला मोठा धोंडा बघून तो नकाशात खूण करतो आणि मग पुढचा सगळा नकाशा चुकतो. इथलाच खडक असेल तर त्याच्या पट्ट्या या काठावरून त्या काठावर त्याच दिशेनं सरळ जातात. ते दिसेपर्यंत वहीत काही लिहायचं नाही, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं.

गोव्याच्या खडकांना दिलेली नावं आपल्याच गावा-डोंगरांची आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. खालून वर मोजायचं तर बार्शे, सावर्डे, डिचोली आणि वाघेरी. चारही मिळून 'गोवा ग्रूप', आणि तो कर्नाटकातल्या धारवाडच्या खडकांचा भाऊबंद. बार्शेच्या थरात जुना लाव्हा आहे, दाबून-भाजून हिरवट झालेला. सावर्डेत मुख्यतः ग्रेवॅक, म्हणजे समुद्राच्या तळाशी साचून घट्ट झालेला गाळ. दोना पावलाच्या टोकावर लाटा ज्या काळपट खडकावर आपटतात तो हाच. डिचोलीच्या थरात लोखंड आणि मँगनीज. वाघेरीत पुन्हा ग्रेवॅक आणि लाव्हा. हे सगळे पट्टे वायव्येकडून आग्नेयेकडे जातात. नकाशा उघडून गोव्यातल्या खाणी बघा, डिचोलीपासून सांग्यापर्यंत त्यांची रांगही त्याच रेषेत लागलेली दिसेल.

आता एक जागा जवळून दाखवतो. सांगे तालुक्यातला एक व्हाळ. पाण्याच्या कडेला गुडघाभर उंचीचा खडक, त्यावर पट्ट्या. बोटाच्या पेराएवढी काळी-करडी, मग तेवढीच मळकट तांबडी, पुन्हा काळी. कुणी चादर घडी घालून ठेवावी तशी शेकडो. काळी पट्टी लोखंडाची, तांबडी गारेची, म्हणजे सिलिकेची. हा पट्टेरी लोहखडक. अडीचशे कोटी वर्षांहूनही आधीच्या समुद्रात विरघळलेलं लोखंड तळाशी बसलं, त्याचे हे थर. हातोड्यानं कोपरा उडवला तर आतला ताजा भाग पोलादासारखा चमकला. माझ्या पिशवीत नेहमी न्हाणीघराच्या फरशीचा एक तुकडा असे. त्याची मागची बिनचकाकीची बाजू दगडाची रेघ बघायला उत्तम. दगड त्यावर घासला तर रेघ रक्तासारखी तांबडी उमटली, म्हणजे हेमॅटाईट. तिथून दहा-बारा पावलांवर दिसायला तसाच काळा दगड, पण रेघ काळी, आणि चुंबक टेकवताच चिकटलं, म्हणजे मॅग्नेटाईट. पट्ट्यांची दिशा मोजायला होकायंत्र काढलं तर सुई भलतीकडेच वळून राहिली. पायाखालचा खडकच तिला ओढत होता. अशा जागी सुईवर विसंबून चालत नाही. दूरचं देऊळ, डोंगराचा माथा अशा नकाशावरच्या ठळक खुणा नजरेत धरून दिशा काढावी लागते.

आम्ही हे सगळं करत असताना गुरं घेऊन एक आजोबा आले. बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हो फातर न्हय, हें लोखण." (हा दगड नव्हे, हे लोखंड.) मग त्यांनी विचारलं, "वर हात काळे करणारा दगड आहे तो बघितलात का?" आम्ही बघितला नव्हता. व्हाळ सोडून अर्धा तास रानातून त्यांच्या मागे गेलो. उतारावर मातीतच काळी ढेकळं पडलेली. हातात घेतलं की काजळी लागावी तसा हात काळा. मँगनीज. टोपोशीटवर तिथे पायवाटसुद्धा नव्हती. ते आजोबा भेटले नसते तर तो पट्टा आमच्या नकाशात आलाच नसता.

धागा काढायचं खरं कारण आता सांगतो. एका खाणीवर आम्ही सलग तीन हंगाम ड्रिलिंग केलं. जमिनीत भोक पाडून मनगटाएवढ्या जाडीचा खडकाचा लांबच लांब दांडा वर काढतात, त्याला कोअर म्हणतात. तो मीटर-मीटरनं लाकडी पेटीतल्या खाचांत मांडतात आणि पेटीवर भोकाचा क्रमांक आणि खोली लिहितात. शे-दीडशे मीटर खोलवर काय आहे ते डोळ्यांनी बघायचं तर एवढा एकच पुरावा. काम थांबलं, माणसं गेली. काही वर्षांनी मी त्या शेडमध्ये गेलो तर पत्रे उडालेले, पेट्या वाळवीनं खाल्लेल्या आणि कोअर एकमेकांत मिसळून जमिनीवर सांडलेला. कुठला तुकडा कुठल्या भोकातला, काही कळायला मार्ग नाही. मालकाचं नाव घेत नाही, त्यानं आता काही साधणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नव्हती. दगड तिथेच होता, फक्त तो कुठून आला ते सांगणारा खडूचा आकडा पुसला होता, आणि तेवढ्यानं तीन वर्षांच्या कामाची खडी झाली होती.

म्हणून विनंती आहे. तुमच्या गावात विहीर खणली असेल, रस्त्यासाठी डोंगर कापला असेल, बोअर मारली असेल, तर किती खोलीवर काय लागलं ते इथे लिहा. गाव, साधारण वर्ष आणि खोली. एवढं पुरे.

---

चिरेबंदी

तो प्रश्न विचारणारी मीच. एवढं मोठं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. आता चिऱ्याबद्दलच सांगा. आमच्या घराचं काम चालू असताना गवंडी म्हणाले होते की चिरा खाणीतून आला की मऊ असतो, पावसाळे खाऊन घट्ट होतो. हे खरं का?

---

व्हाळकाठ

अगदी खरं. ताई, चिरा हा वेगळा असा खडक नाही, खालच्याच खडकाचं शेवटचं रूप आहे. उष्ण आणि ओल्या हवेत पाऊस खडकातली सिलिका आणि इतर विरघळणारे क्षार धुऊन नेतो. मागे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम उरतं, म्हणून तो रंग आणि म्हणून ती भोकं. ओला असताना तो कापता येतो, उघड्यावर वाळला की त्यातलं लोखंड घट्ट धरतं. फ्रान्सिस बुकानन यानं १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडीपुरम इथे हा दगड बघून त्याला लॅटराईट नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. लोक विटेसारखा कापून घरं बांधत होते, ते बघूनच.

जिथे लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियम जास्त उरलं तिथे बॉक्साईट झालं. बेतूलच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, केपे-काणकोणच्या बाजूला ते आहे.

हरवळेच्या गुंफा चिऱ्यातच कोरलेल्या आहेत. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बॅसिलिकाच्या भिंती उघड्या चिऱ्याच्या आहेत आणि दर्शनी भागातलं नक्षीकाम काळ्या बेसाल्टचं, तो वसईहून आणल्याचं सांगतात. पुढच्या खेपेला जाल तेव्हा दोन्हींवर हात फिरवून बघा. चिऱ्यात इतकी बारीक नक्षी का टिकत नाही ते बोटांनाच कळेल.

---

पुणेरी_पायवाट

सुरेख लिहिलंय. आम्ही घाटमाथ्यावरचे ट्रेकर, सह्याद्री म्हणजे बेसाल्ट एवढंच डोक्यात. दूधसागरला गेलो तेव्हा खडक वेगळा वाटला होता, पट्टे-पट्टे आणि फिकट. तो काय?

---

व्हाळकाठ

तुमची नजर चांगली आहे. गोव्यात येईपर्यंत दख्खनचा बेसाल्ट संपत येतो. सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात, सुर्ल्याच्या बाजूला तो थोडा शिल्लक आहे, बाकी गोव्याचा सह्याद्री त्याच्याहून कितीतरी म्हातारा. तुम्ही बघितला तो नाईस (gneiss), खोलवर दाबानं आणि उष्णतेनं बदलून पट्टेदार झालेला खडक. अनमोड घाटातल्या त्या जातीच्या खडकाचं वय सुमारे ३४० कोटी वर्षं निघालं आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे तो लाव्हा वाहिला तेव्हाही अनमोडचा खडक तीनशे कोटींहून अधिक वर्षांचा होता.

आणखी एक मौज. गोव्याच्या किनारपट्टीत जुन्या खडकाला चिरत गेलेल्या काळ्या उभ्या भिंती दिसतात. त्यांना डाईक म्हणतात, जमिनीच्या भेगेतून वर येता येता लाव्हा तिथेच थिजला की त्या बनतात. इथल्या डाईकांचं वय मोजलं तर सुमारे ६.३ कोटी वर्षं आलं, म्हणजे दख्खनचा मुख्य लाव्हा वाहून गेल्यानंतरचं. दख्खनची आग विझत आली तेव्हाही गोव्याखाली ती धगधगत होती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लगेच किनाऱ्यावर जाऊन एका डाईकच्या कडेला बसलो होतो. कडेचा भाग अगदी बारीक कणांचा, कारण थंड खडकाला टेकल्यामुळे तो पटकन गोठला. मधला भाग जाड कणांचा, सावकाश निवालेला. एका हाताच्या अंतरात हा फरक भिंगातून दिसतो.

---

भिंगवाली

सर, मी एमएस्सीला आहे, भूशास्त्र. प्रबंधासाठी नेत्रावळीच्या बाजूला काम करायचं मनात आहे. गाईड सांगतातच, पण प्रत्यक्ष फिरलेल्या माणसाकडून ऐकायचं आहे. काय काय सांभाळायचं? घरून आईची एकच काळजी, रानात एकटी जाऊ नको.

---

व्हाळकाठ

आईंचं आधी ऐका. एकट्यानं कधीही नाही, मुलगा असो की मुलगी. किमान दोघं, आणि तिसरा गावातला माणूस. तो वाट दाखवतो, आणि गवा कुठल्या वेळी कुठे उतरतो हेही त्यालाच ठाऊक असतं. सकाळी निघताना गावात कुणाला तरी सांगून जायचं, कुठल्या व्हाळानं वर जातोय आणि कुठून उतरणार.

दुसरं, परवानगी. नेत्रावळी आणि म्हादई ही दोन्ही १९९९ पासून अभयारण्यं आहेत. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय आत शिरायचं नाही, आणि नमुने घ्यायचे तर ते अर्जात स्पष्ट लिहायचं. हंगाम हातचा जाऊ नये म्हणून अर्ज पावसाळ्यातच टाका.

तिसरं, गोचीड. सत्तरीत २०१५ पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, आणि त्याचा हंगाम नेमका आपल्या फिल्डचाच, डिसेंबर ते मे. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, जमिनीवर पाल्यात बसायचं नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट तपासायचं. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. फिल्डहून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगायचं की मी रानात होते.

आता काम. वही पेन्सिलीनं लिहायची, शाई घामानं आणि पाण्यानं पसरते. नमुना मुठीएवढा, ताज्या भागाचा. कुजका तुकडा प्रयोगशाळेत नेऊन काही उपयोग नाही. दगडावर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर क्रमांक, तोच क्रमांक पिशवीवर, तोच वहीत. तिन्ही तिथल्या तिथे, खडकापाशी उभं राहूनच. "संध्याकाळी लिहीन" म्हणून पिशवीत टाकलेला दगड संध्याकाळी अनोळखी झालेला असतो. फोटोत मापासाठी हातोडा ठेवा. दाट रानात जीपीएसला आकाश दिसत नाही, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा आणि टोपोशीटवर हातानंही खूण करा. निघण्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' पोर्टलवरून तुमच्या भागाचा नकाशा उतरवून घ्या, आणि फिल्डमध्ये तो चुकलेला दिसला तर घाबरून आपली नोंद बदलू नका. जे दिसलं तेच लिहा.

---

भिंगवाली

सर, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिसरा गावातला माणूस हे बरं सांगितलं.

---

रेती

नेत्रावळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. सांगे तालुक्यातच रिवणला, कुशावतीच्या काठी उसगाळीमळला कातळावर कोरलेली चित्रं आहेत. गवे, हरणं, माणसं आणि ते मोठं चक्रव्यूहासारखं वर्तुळ. गावातल्या लोकांना ती ठाऊक होती, १९९३ मध्ये त्यांनी सांगितल्यावर जगाला कळली. आम्ही लहानपणी तिथे गुरं घेऊन जायचो. दगडाच्या अभ्यासाला जाणाऱ्यांनी तिथे हातोडा पिशवीतून बाहेरसुद्धा काढू नये, ही हात जोडून विनंती. पावसाळ्यात पुराचं पाणी वर येतं, माती साचते, तेवढी झीजच पुष्कळ आहे.

---

व्हाळकाठ

पूर्ण सहमत. आणि नुसतं तिथेच नाही, जिथे खडक एकमेवच उघडा पडलाय तिथे कुठेही हातोडा नको. माझ्या पाहण्यात घाटातला एक सुंदर घडीचा खडक, नागमोडी वळणाचा, तुकडे नेऊन नेऊन विद्यार्थ्यांनीच संपवला. आता तिथे नवी बॅच येते तेव्हा दाखवायला काही उरलेलं नाही.

---

खाणपट्टा

मी सगळं वाचलं आणि आवडलंही. पण एक बोलायचं आहे. या दगडानं आमचं घर तीस वर्षं चाललं. बाबांचे दोन ट्रक होते. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीझ रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. त्याआधी २०१२ मध्ये एकदा बंद झाल्याच होत्या, त्यातून सावरतोय तोवर हे. एक ट्रक विकला, दुसऱ्याचे हप्ते अजून आठवतात. तेव्हा दगडाकडे बघून अडीचशे कोटी वर्षं आठवत नाहीत, बँकेचा माणूस आठवतो. तुम्ही भूवैज्ञानिक खाणीला जागा दाखवून दिलीत, नंतर काय झालं ते आम्ही सोसलं. विहिरी आटल्या त्याही आमच्याच. यावर तुमचं काय म्हणणं?

---

व्हाळकाठ

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मी टाळणार नाही.

हो, जागा आम्ही दाखवली. माझ्या सहीचे नकाशे आहेत. आणि खनिज किती आहे ते मोजताना पाण्याची नोंद आम्ही पुरेशी केली नाही, हे मला मान्य आहे.

विहिरी का आटल्या ते सांगतो, कारण ते पुढच्या पिढीला कळायलाच हवं. आपल्याकडे पाणी दोन मजल्यांवर असतं. वरचा मजला चिऱ्याचा, भोकाभोकांतून पावसाचं पाणी मुरतं. चिऱ्याखाली शेडी माती, पांढरट-गुलाबी चिकण. तिच्यातून पाणी खाली जात नाही, म्हणून सड्याच्या पायथ्याशी चिरा आणि शेडी जिथे मिळतात तिथे झरे फुटतात. कुळागरं, म्हणजे आपल्या पोफळीच्या बागा, त्याच झऱ्यांवर उभी आहेत. शेडीच्या खाली दुसरा मजला, आणि तो म्हणजे लोहखनिजच. पावसानं पट्टेरी खडकातली गार धुऊन नेली की मागे लोखंडाची भुकटी राहते. खाणीवर तिला ब्लू डस्ट म्हणतात. ही भुकटी वाळूसारखी पाणी धरते. म्हणजे जे खनिज विकायला काढायचं तीच पाण्याची टाकी. खाण त्या पातळीखाली गेली की पंप लावून पाणी उपसावं लागतं, आणि आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. गोव्यात काही खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेले.

शिवाय दर टन खनिजामागे दोन-अडीच टन किंवा त्याहून जास्त माती-दगड काढून टाकावा लागतो. त्याचे डंप उतारावर रचले आणि पावसात ते शेतांत, व्हाळांत आले. ज्या व्हाळांत मी खडक बघायला उतरायचो, त्यांतले काही पुढे गाळानं भरून गेले.

खाणी बंद असाव्यात की चालू, यावर माझं मत सांगून तुमचे हप्ते फिटणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टन खनिजाची मर्यादा घातली होती, आता २०२२ पासून लिलावानं नवी लीझ दिली जात आहेत. माझा आग्रह एवढाच आहे की या वेळी पहिलं ड्रिल लागण्याआधी आजूबाजूच्या गावांतल्या प्रत्येक विहिरीची पातळी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये मोजून लिहून ठेवा, आणि ती वही गावाकडे राहू द्या. उद्या वाद झाला तर सांगायला आकडा तुमच्याकडे असेल. मागच्या वेळी तो कुणाकडेच नव्हता.

---

खाणपट्टा

सरळ उत्तर दिलंत. मत वेगळं आहे तिथे वेगळंच राहील, खाण चालू व्हावी असंच मला वाटतं. पण विहिरी मोजायचं पटलं. आमच्या वाड्यावर नऊ विहिरी आहेत. पंचायतीत बोलतो. मोजायची कशी, दोर आणि दगड चालेल?

---

व्हाळकाठ

चालेल. दोराला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा. मोजायचं विहिरीच्या काठावरच्या एकाच ठरलेल्या जागेपासून, तिथे रंगाची खूण करून ठेवा. आणि सकाळी, पंप लावायच्या आधी.

---

कुळागर

मी रोज वाचत होते, लिहायचं धाडस आज करते. आमचं कुळागर डिचोली तालुक्यात आहे, पोफळी आणि मिरी. तुमची विनंती वाचून सासऱ्यांच्या वडिलांची पेटी काढली. त्यांना हिशेबाची फार शिस्त होती, पैशाचा, मजुरांचा, सगळ्याचा. १९५८ साली विहीर खणली त्याचा हिशेब एका वहीत आहे आणि मजुरी देताना रोज किती हात उतरलं तेही लिहिलंय. जसं आहे तसं देते:

"माती ३ हात. चिरा ११ हात. शेडी पांढरी ४ हात, शेडी तांबूस २ हात, गडी दमले, एक दिवस खाडा. त्याखाली काळी भुकटी, चकचकीत, जड. अर्धा हात उतरतां पाणी खालून जोरानें आलें. गडी वर घेतले. रात्रीत पाणी शेडीच्या वर ३ हात चढलें."

पुढे दुसऱ्या दिवशी नारळ आणि गूळ यांचा खर्च लिहिलाय. ही विहीर २०१० च्या सुमाराला उन्हाळ्यात तळाला जायची. गेली काही वर्षं पुन्हा पाणी टिकतं. हे तुमच्या कामाचं आहे का?

---

व्हाळकाठ

ताई, मी हे तीनदा वाचलं. तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांनी ज्याला काळी भुकटी म्हटलंय ती ब्लू डस्ट. शेडीचं झाकण फोडल्यावर पाणी खालून जोरानं वर आलं आणि शेडीच्याही वर चढलं, म्हणजे तो खालचा मजला दाबाखाली भरलेला होता. वीस हात म्हणजे साधारण नऊ मीटर. खाणीचे मोठे पंप सुरू होण्याच्या कितीतरी आधीची, डोळ्यांनी बघून त्याच दिवशी लिहिलेली ही पातळी आहे. आमच्या सगळ्या बोअरच्या नोंदींत माझ्याकडे असं एकही पान नाही.

वहीच्या त्या पानांचे फोटो काढून ठेवा, उजेडात, दोन जागी. पान चिकटपट्टीनं जोडू नका. आणि तुमची हरकत नसेल तर येत्या शनिवारी सकाळी येतो, आजची पातळी मोजू. भिंगवाली, तुम्हालाही यायचं असेल तर या, आईंना घेऊन या.

---

भिंगवाली

येते सर. आईसुद्धा.

---

कुळागर

जरूर या. शुक्रवारी रात्रीपासून पंप बंद ठेवते. दोराला गाठी मारून ठेवायला सांगितल्या आहेत, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर.